लोखंडाचं माहेर

आमच्या आणि अक्कांच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत आहे, लाल दगडाची. बिदरात जुनं बांधकाम म्हटलं की हाच दगड. कोकणातले पाहुणे आले की भिंतीवर हात फिरवत "अहो, हा तर आमचा जांभा!" म्हणतात, जणू त्यांनीच रेल्वेनं पाठवून दिलाय. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे अक्का आणि भिंतीवर दोघींचे चहाचे कप, अशी आमची रोजची बैठक. विषय ठरलेला नसतो. परवा तो विळीनं काढला.

विळी सासूबाईंच्या लग्नातली. पातं झिजून झिजून चतुर्थीच्या चंद्राएवढं उरलंय आणि कोथिंबीर कापायच्या ऐवजी चेचतं. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं दिसलं, म्हणून विळी घेऊन निघाले, तर भिंतीवरून हाक आलीच.

"वैनी, विळी घिऊन कुणावर निघालाव?"

"कुणावर नाही हो अक्का. धार लावून आणते."

"धारेनं काय होतंय? तिखं संपलंय तिचं. नवं तिखं भरून घ्या."

तिखं! किती वर्षांनी हा शब्द कानावर पडला. आमच्या नातवाला वाटलं, विळीत तिखट भरतात. मग त्याला समजावलं, की तिखं म्हणजे पोलाद. पूर्वी विळीचं, कुऱ्हाडीचं अंग साध्या मऊ लोखंडाचं असे. धारेच्या जागी तेवढी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करायची. पोलाद महाग, लोखंड स्वस्त, म्हणून कापायचं तिथंच पोलाद. पाहुण्यांच्या बशीत काजू वरच्या वर घालतो, तसंच.

"आता लोखंड बी तमिळ लोकांचं झालं म्हणे," अक्का म्हणाल्या. आवाजाला अशी धार की माझ्या विळीला लाज वाटावी. "टीव्हीवर सांगलालते. सगळ्यात पयलं लोखंड त्यांच्याकडं."

"23 जानेवारी 2025!" आतून मास्तरांचा आवाज आला. मास्तर म्हणजे अक्कांचे यजमान, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. घरातल्या लोखंडी कपाटात दागिन्यांच्या जागी वर्तमानपत्राची कात्रणं आहेत, ही अक्कांची जुनी तक्रार. कात्रण हातात घेऊनच ते बाहेर आले. "शिवगळै, तूत्तुकुडी जिल्हा. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी अहवाल प्रसिद्ध केला. सगळ्यात जुनी तारीख इसवी सनापूर्वी 3345."

"म्हणजे पाच हजार तीनशे वर्षांच्या वर," मी बोटांवर मोजलं.

"असू दे की तिकडं. आमच्या जेवर्गीत काय कमी हाय?"

इथं सांगायला हवं की अक्कांचं माहेर जेवर्गी, भीमाकाठचं. तापल्या की मराठीत कानडी उतरते. आणि ज्वारी असो, मिरची असो की जावई, जगातली कुठलीही चांगली वस्तू आधी जेवर्गीत पिकली, यावर त्यांची श्रद्धा आहे. या वेळी मात्र मास्तरांनीच सासुरवाडीची बाजू घेतली.

"खोटं नाही ते. मेडोज टेलर नावाचा इंग्रज होता. ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, तोच. 1841 पासून 1853 पर्यंत तो सुरपूर संस्थानात होता, लहान राजाच्या वतीनं कारभार बघायला. त्यानं जेवर्गीजवळची दगडांच्या राशीखालची जुनी थडगी उकरली. आत हाडं, मडकी आणि लोखंडाची भाल्यांची पाती, बाणांची टोकं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेखही लिहिला. असलीच थडगी आपल्या विलायतेतही आहेत, हे बघून तो चक्रावला होता."

"आन् राजनकोळूरला तर दगडाची घरं हायत," अक्कांना जोर आला. "मोरेर मने म्हणतात. तीन वितीची माणसं ऱ्हायची म्हणे त्यात. पण ताकद अशी की येवढी शिळा एकट्यानं उचलायची."

"मोरे? आमच्या विहीणबाई मोऱ्यांच्याच," मी म्हणाले. "ताकदीचं जुळतंय. उंचीचं नाही."

"घरं नाहीत ती," मास्तर म्हणाले. "तीही थडगीच. शिळा उभ्या करून वर शिळेचं झाकण. मेलेल्या माणसाबरोबर त्याचं मडकं, त्याचं हत्यार ठेवायचे."

आता माझी पाळी होती. माझं माहेर पारशिवनी तालुक्यातलं, नागपूरच्या वरच्या अंगाला. इतकी वर्षं बिदरात राहून माझ्या बोलण्यातला 'बाप्पा' गेला, पण माहेर गेलेलं नाही.

"अक्का, तुमच्याकडे भाले सापडले. भाला काय, बाजारातूनही आणता येतो. आमच्या नायकुंडला भट्टी सापडली, भट्टी! पेंच नदीच्या काठाला. डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देवांनी 1970 नंतरच्या दशकात तिथं खणलं. लोखंड गाळायची गोल भट्टी, भात्याची नळी, शेजारी गाळलेल्या मळीचे खडे. सत्तावीसशे वर्षांपूर्वीची. आणि नागपूरजवळच्या माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला. तोंडात लोखंडी लगाम, तोंडावर तांब्याचा साज."

"म्हणजे तुमच्याकडं भटारखाना," अक्का म्हणाल्या.

"भटारखानाच महत्त्वाचा," मास्तर माझ्या बाजूला आले, तसं अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांचा दुपारचा चहा धोक्यात आला. पण मास्तर वर्गात शिरले की त्यांना घंटा ऐकू येत नाही. "वस्तू फिरत फिरत कुठूनही येते. भट्टी सापडली की कळतं, इथल्या माणसाला ते करता येत होतं. आणि करणं सोपं नव्हतं. तांबं 1085 अंशांवर वितळतं. तेवढा जाळ माणसाला आधी जमला. लोखंडाला 1538 लागतात. मातीच्या भट्टीला आणि हातानं चालवायच्या भात्याला ते कुठून झेपणार?"

"मग वितळवलं कसं?"

"वितळवलंच नाही. तिथंच गंमत आहे. भट्टीत कोळशाचा एक थर, लोखंडाच्या दगडाचा एक थर. कोळसा दोन कामं करतो. जाळ देतो आणि दगडातला प्राणवायू ओढून घेतो. बाकीची माती-वाळू पातळ होऊन खालून वाहून जाते आणि आत उरतो तो लोखंडाचा गोळा, अनारशासारखा जाळीदार. त्या जाळीत मळी अडकलेली. मग लाल असतानाच त्याच्यावर घण घालायचे. चक्का बांधून पाणी निथळवता ना तुम्ही? तसं घणानं पिळून मळी काढायची. उरेल ते लोखंड."

"ती मळी मी खाल्लीया," अक्का शांतपणे म्हणाल्या.

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"मंडूर हो! दुसऱ्या बाळंतपणात अंगात रक्त नव्हतं तवा वैद्यानं दिलं नव्हतं का? मंडूर भस्म. लोखंडाचीच मळी म्हणाला. जितकी जुनी तितकी चांगली."

"शंभर वर्षांची उत्तम म्हणतात," मास्तर म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्या विषयात भर घातल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

"पण मग आधी कुणाचं?" मी मुद्दा सोडला नाही. "तमिळांचं, जेवर्गीचं की पारशिवनीचं?"

मास्तरांनी कात्रणाची घडी घातली. "आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं, की इराण-तुर्कस्तानाकडून लोखंड आपल्याकडं आलं, इसवी सनापूर्वी हजाराच्या सुमाराला. पुढं तुंगभद्रेच्या काठी हल्लूरला सापडलं, ते त्याच वेळचं किंवा थोडं आधीचं. मग 2003 मध्ये राकेश तिवारींनी उत्तर प्रदेशातलं मांडलं. राजा नल का टीला, मल्हार ही ठिकाणं इसवी सनापूर्वी 1800 च्या आसपास जातात. तेव्हाच 'बाहेरून आलं' हे डळमळीत झालं. आता शिवगळै त्याच्याही दीड हजार वर्षं मागं जायला बघतंय. पण लोखंडाच्या अंगावर जन्मतारीख नसते. त्याच्या शेजारी कलशात सापडलेला कोळसा, भाताचे दाणे, खापर यांचं वय काढतात आणि शेजाऱ्याच्या वयावरून याचं धरतात."

"शेजाऱ्याच्या वयावरून?" अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "मग वैनींचं वय नऊ वर्षानं वाढलं की."

"म्हणून तर बाकीचे अभ्यासक म्हणतात, आणखी चार ठिकाणी तसंच सापडू द्या, मग पेढे वाटा. आणि खरं सांगू? माणसाच्या हातातलं पहिलं लोखंड भट्टीतलं नव्हतंच. ते आभाळातून पडलं."

अक्कांनी वर बघितलं. मीही बघितलं. वर फक्त डिश अँटेना होती.

"उल्का! काही उल्का लोखंडाच्या असतात, निकेल मिसळलेल्या. इजिप्तमध्ये गेर्झे म्हणून गाव आहे. तिथल्या थडग्यात नऊ लोखंडी मणी सापडले, बावन्नशे वर्षांपूर्वीचे. उल्केचं लोखंड ठोकून पातळ केलेलं, मग गुंडाळून मणी केलेले आणि सोन्याच्या मण्यांबरोबर ओवलेले."

"लोखंडाची पोत?"

"हो. तेव्हा ते अपूर्वाईचं होतं. तुतनखामेन राजाच्या अंगावर गुंडाळलेल्या कापडात जो लोखंडी खंजीर मिळाला, तोही उल्केचाच, हे 2016 मध्ये तपासून नक्की केलं. तुर्कस्तानात चार हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांचे मातीच्या विटांवर लिहिलेले हिशेब आहेत. त्यात लोखंडाचा भाव चांदीच्या कितीतरी पट."

"त्या काळी आपला भंगारवाला सराफ झाला असता," अक्का म्हणाल्या.

"आणि आपल्याकडं जहांगीर बादशहा! 1621 मध्ये जालंधरजवळ उल्का पडली. त्यानं ती उकरून आणवली, उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला दिली आणि हत्यारं करायला सांगितली. घणाखाली ती फुटायला लागली. मग तीन भाग आभाळाचं आणि एक भाग जमिनीवरचं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी केली. बादशहानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय."

"मिसळल्याशिवाय टिकत नाई," अक्का म्हणाल्या. "सुनेचं बी तसंच."

हे ज्यांच्यासाठी होतं, त्या तिसऱ्या अंगणातल्या सूनबाई कपडे वाळत घालता घालता सगळं ऐकत होत्या. बोधनची मुलगी, निजामाबादकडची, वर्षही झालं नाही लग्नाला. तिनं चिमटा तोंडातून काढला.

"अक्का, आमच्याकडं पण होतं. पोलाद. कम्मरपल्लीजवळ कोनासमुद्रम् म्हणून गाव आहे. कम्मरी म्हणजे तेलुगूत लोहार. आमच्या सरांनी नेलं होतं बघायला. मातीच्या लहान लहान मुशीत लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला घालायचे, मातीनं तोंड बंद करायचं, रात्रंदिवस भात्यावर तापवायचं आणि मग सावकाश निवू द्यायचं. घाई केली की गेलं."

"अगदी बरोबर," मास्तर खुलले. वर्गात एक तरी हुशार मुलगी निघाली. "बंद मुशीत कोळशाचा अंश लोखंडात मुरतो. तो मुरला की लोखंड कमी उष्णतेत वितळतं, आणि निवल्यावर जे मिळतं ते पोलाद. टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं सतराव्या शतकात लिहिलंय, की गोवळकोंड्याच्या मुलखातलं पोलाद इराणात जातं आणि त्याच्या पाणीदार तलवारी होतात. पुढं 1820 च्या सुमाराला लॅम्बटनच्या सर्वेक्षणातला डॉक्टर व्हॉयसी कोनासमुद्रमला गेला, तर तिथं इस्फहानचा इराणी व्यापारी ठाण मांडून बसलेला. म्हणाला, आम्ही हे आमच्याकडं करून बघितलं, पण जमलं नाही. म्हणून एवढ्या लांबून येतो."

सूनबाईंची मान ताठ झाली. जेवर्गीचे भाले गेले, पारशिवनीची भट्टी गेली, बोधननं इराणपर्यंत बाजार मारला. अक्कांना ते सहन होईना.

"काय म्हणतात त्या पोलादाला इंग्रजीत?"

"वुट्झ."

"उक्कु!" अक्कांनी भिंतीवर थाप मारली, माझा कप हलला. "कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात. साहेबाला नीट म्हणता आलं नाई, त्यानं वुट्झ केलं. हौद की नाई?"

"हौद," मास्तर म्हणाले. "बहुतेक अभ्यासक तसंच मानतात."

"मग! माल त्यांचा असंल, नाव आमचंच."

नावांचा विषय निघाला, तसे मास्तर आणखी खोलात गेले. म्हणाले, नावावर जाऊ नका, नावं फसवतात. संस्कृतात 'लोह' म्हणजे मुळात तांबूस धातू, म्हणजे तांबं. अथर्ववेदात काळ्या धातूला 'श्याम अयस्' म्हटलंय. पुढं तांब्याला स्वतःचं नाव मिळालं आणि 'लोह' हा शब्द काळ्याच्या घरी नांदायला गेला. कानडीतलं 'कब्बिण' मात्र सरळ आहे. 'करि' म्हणजे काळं, 'पोन्' म्हणजे सोनं, काळं सोनं. बिडाचा तवा बीड जिल्ह्यातून येत नाही, 'बीड' हे ओतीव लोखंडाचं नाव. आणि आमच्या बिदरचं नाव ज्या बिद्रीनं जगभर नेलं, तिच्यात लोखंड नसतंच, ती जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात. तिला काळा रंग येतो तो किल्ल्यातल्या मातीनं आणि नवसागरानं.

"लोखंड बघायचं तर किल्ल्यातल्या तोफा बघा," मास्तर म्हणाले. "बऱ्याच ओतलेल्या नाहीत. लांब लोखंडी पट्ट्या गोल उभ्या करून वर तापलेल्या कड्या चढवल्यात. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ना, तस्सं. कडी निवली की आवळते. मोठ्या सुलतानाची मोठी तोफ, पण युक्ती गाडीच्या चाकाची."

एवढ्यात लिंबाखालून घणाचा आवाज सुरू झाला, आणि मला विळीची आठवण झाली. आम्ही तिघी निघालो. मास्तर मागून.

घिसाड्यांचं सगळं दुकान एका गाडीवर मावतं. जमिनीत ठोकलेली ऐरण, हातानं फिरवायचा पंखा, ओंजळभर कोळसा. पंख्यावर दहा-बारा वर्षांचं पोर. बाप्या सांडशीत पातं धरून बसलेला, हातात लहान हातोडा. तो ऐरणीवर टिक् करून जागा दाखवायचा आणि बरोबर तिथंच घण पडायचा. घण बाईच्या हातात. सात-आठ किलोचा असेल. पदर खोचलेला, पाय रोवलेले, एक घाव चुकला नाही. मधेमधे दोघं आपसात गुजराती वळणाच्या त्यांच्या बोलीत काही बोलायचे आणि हसायचे. बहुधा आमच्यावरच.

बाप्यानं ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा काढला. हेच आमचं तिखं. विळीचं पातं आणि तो तुकडा एकत्र पिवळेधम्मक होईपर्यंत तापवले, वर चिमूटभर वाळू टाकली आणि घण पडला. ठिणग्या आमच्या पायापर्यंत आल्या. सूनबाईंनी साडी आवरली, अक्का हलल्या नाहीत. दहा-पंधरा घावांत दोन लोखंडांचं एक झालं. मग पुन्हा तापवून त्यानं नुसत्या रंगावरून नेमका क्षण ओळखला आणि पातं पाण्यात बुडवलं. चर्र झालं. यालाच पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त झालं तर धार तुकडे होऊन उडते, कमी झालं तर वळते. त्याच्याजवळ ना घड्याळ होतं ना थर्मामीटर.

अक्कांना सकाळपासूनचा प्रश्न होताच. "बाई, तुझं माहेर कुठलं गं?"

ती घण टेकवून उभी राहिली. "पाल पडंल तिथलं, आक्का. जल्मले तवा म्हणं उदगिरात हुतो."

त्यावर कुणी जेवर्गी काढली नाही, पारशिवनी काढली नाही.

दोनशे रुपये मागितले. अक्कांनी घासाघीस करायला तोंड उघडलं होतं, पण मास्तरांनीच खिशातून नोटा काढल्या. मास्तर स्वतःहून पैसे काढतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "टेलरचं नाव पुस्तकात आहे, व्हॉयसीचं आहे, देवांचं आहे. जहांगीरनं निदान उस्ताद दाऊदचं नाव तरी लिहिलं. नायकुंडच्या भट्टीवर घण कुणी मारला, ते कुठंच नाही. दोनशे काही जास्त नाहीत."

परत आलो, तर भिंतीवर कप तसेच. अक्का म्हणाल्या, "मग लोखंडाचं माहेर कुठलं ठरलं?"

मास्तरांनी भिंतीवर हात ठेवला. "हा दगड लाल कशानं झाला, माहितीय? लोखंडाच्या गंजानं. बिदरचं अख्खं पठार याच दगडाचं. किल्ल्याचा तिहेरी खंदक यातच खोदलाय, नौबादचं भुयारी पाणीही यातूनच आणलंय. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक याच जातीच्या दगडातून लोखंड गाळायचे. पुढं जंगलात कोळसा पाडायला बंदी आली, विलायती लोखंड स्वस्तात आलं आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. तुम्ही दोघी इतकी वर्षं लोखंडावरच कप ठेवताय."

अक्कांनी कप उचलला, खालचा दगड पदरानं पुसला, आणि निकाल दिला: "म्हणजे माहेर भिंतीतच हाय. बाकी सगळं सासर."

विळी आता अशी चालते, की कांदा कापताना रडायलाही वेळ मिळत नाही. अक्कांनी दुसऱ्या दिवशी भिंतीवरून तंबी दिली, ती तुम्हालाही सांगून ठेवते. तिखं भरलेली विळी ओली टाकू नका. काम झालं की धुवा, लगेच कोरडी पुसा, पात्यावर तेलाचं बोट फिरवा. नाहीतर ती परत भिंतीत जाईल.